पिवळी चौकट

"अक्का, चौकट तुमच्यावर का बसत नाहीये?"

शर्वाणीने विचारलं खरं, पण अक्कांचे डोळे मिटलेले होते.

तिच्या हातातल्या छोट्याशा कॅमेऱ्याला माणसाचा चेहरा ओळखता यायचा. चेहरा दिसला की पडद्यावर त्याच्याभोवती पिवळी चौकट उमटायची. आत्ताही उमटली होती. पण समोर चटईवर बसलेल्या अक्कांना सोडून, त्यांच्या डोक्यावर भिंतीला टांगलेल्या नागेशबुवांच्या फोटोवर.

अक्कांचे गुरू ते. जाऊन पुष्कळ वर्षं झालेली.

अक्का आज मठ सोडून चालल्या होत्या. दूर, नर्मदेकाठच्या एका कुटीत, कायमच्या. आजवर त्यांनी स्वतःचा फोटो कुणाला काढू दिला नव्हता. शर्वाणीने फारच पिच्छा पुरवला, तेव्हा आज सकाळी म्हणाल्या, "काढ एक."

एकच. चुकला तर संपलं.

कॉलेजात असल्यापासून शर्वाणी अशीच घाबरायची. दारावर नुसती थाप पडली तरी छातीत धडधड. अक्कांच्या तोंडाकडे पाहिलं की मात्र ती निवायची. उद्यापासून कुणाकडे पाहायचं?

तिने कॅमेऱ्यावरची चकती फिरवली. बाईच्या चेहऱ्याचं चित्र लावून पाहिलं. मग फुलाचं. मग चंद्राचं. बटण अर्धं दाबलं. कॅमेरा टुकटुकला, चौकट बुवांवरच. फ्लॅश बंद केला, परत चालू केला. मेनूत शिरली तर भलत्याच जागी बोट पडलं आणि पडद्यावर सगळी जपानी अक्षरं आली. ती घालवता घालवता बिचारी घामाघूम झाली.

दारातून कावेरीताई डोकावली. मठाचा स्वयंपाक तीच बघायची.

"झाला का गं फोटो? का अक्का तिकडे पोचल्यावर इथून काढणार आहेस?"

"सेटिंग बसत नाहीये, ताई."

"त्याचं का तुझं?"

आणि शेवटचं बोचकं काखेत मारून ती जीपकडे गेलीसुद्धा.

बाहेर हॉर्न वाजला. शर्वाणी दचकली, कॅमेरा हातातून निसटता निसटता राहिला.

"अक्का, थोडं पुढे सरकता का?" तिने पडद्यात पाहिलं, चौकट अजून बुवांवरच.

"अक्का, निदान डोळे उघडा ना."

"फोटो काढ," अक्का म्हणाल्या.

"तेच करतेय हो, पण हा कॅमेरा..."

"भिंतीवरचा."

शर्वाणीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्या फोटोला रोज हार घालायचे, पण खाली कुणी कधी उतरवला नव्हता.

"बुवांचा? काढून टाकू?"

अक्कांनी मान डोलावली. डोळे मिटलेलेच.

तिने कॅमेरा खिडकीच्या चिंचोळ्या कडेवर ठेवला. टाचा उंचावल्या, दोन्ही हातांनी फोटो वर उचलला... आणि मागून पाल सळसळत निघाली. किंकाळी कशीबशी गिळून शर्वाणीने फोटो छातीशी कवटाळला. खिळा भिंतीतून सुटून कुठेतरी गडगडत गेला.

म्हणजे परत टांगायचीही सोय राहिली नाही.

तिने इकडेतिकडे पाहिलं. ट्रंक, पाट, गादीची वळकटी, सगळं जीपमध्ये गेलेलं. उरली होती नुसती फरशी. गुरूंचा फोटो फरशीवर कसा ठेवणार? आणि तो ठेवल्याशिवाय कॅमेरा कसा उचलणार?

खिडकीत कॅमेऱ्याने वाट बघून बघून आपलं भिंग आत ओढून घेतलं. पडदा काळा झाला.

"अक्का..."

फोटो जड होता. हारातली तगरीची फुलं एकेक करून तिच्या पायांवर गळत होती.

"अक्का, हा कुठे ठेवू?"

हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी लांबलचक.

"सांगा ना, अक्का. तुम्हाला निघायचंय. मला कॅमेरा घेता येत नाही, आणि हा खाली ठेववत नाही... कुठे ठेवू मी हा?"

अक्कांनी डोळे उघडले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे पाहिलं. सावकाश, घाई नसल्यासारखं.

"माझा कुठे ठेवणार होतीस?"