पाचवा पैलू

एका डोंगराळ गावात खड्यांना पैलू पाडणारं एक घर होतं. चाक सासू चालवायची, आणि नुकतीच लग्न होऊन आलेली धाकटी सून शेजारी बसून शिकायची. माहेरी तिनं भाजीपलीकडे काही कापलं नव्हतं.

काम दिसायला सोपं. खडा लाखेनं काडीच्या टोकाला चिकटवायचा आणि पाणी शिंपडत फिरत्या चाकाला टेकवायचा. पण काडी केसभर कलली तरी पैलू वाकडा! सहा महिने सून गारगोट्याच घासत होती. गारगोटी बिघडली तर नदीत दुसरी मिळते, म्हणून तिला झोप तरी लागायची.

एके दिवशी एक नावाडी जांभळा खडा घेऊन आला. "मावशी, माझ्या बायकोनं हा पोरीसाठी जपून ठेवला होता. ती तर गेली. परवा पोरीचं लग्न आहे, अंगठीत बसेल असा करून द्या. एवढा एकच आहे हो."

सासूनं खडा काडीवर बसवला आणि काडी सुनेच्या हातात दिली. "कडेनं आठ पैलू पाड. सारखे. मी सोनाराकडून कोंदणाचं माप विचारून येते."

"मी?" सुनेनं विचारलं.

"मग काय, मांजर पाडणार?" सासू चपला घालून निघूनही गेली.

चार पैलू नीट उतरले. पाचव्याला काडी कलली आणि तो मोठा झाला. सुनेला वाटलं, सहावा जरा जास्त घासला की जुळेल. सहावा जुळला, तर सातवा लहान दिसायला लागला. आठव्यापर्यंत आली, तर पहिलाच बारीक. खडा गोल फिरत राहिला आणि त्याच्यामागे तीही. बोराएवढा होता, तो वाटाण्यावर आला. बोटं खड्याच्या भुकटीनं पांढरी झाली. तरी हात थांबेना. थांबलं तर बघावं लागलं असतं.

थोरली जाऊ दारातून डोकावली. "अगंबाई! आता शेवटचा एक हात फिरव आणि चकचकीत करून ठेव. सासूबाईंना हल्ली कुठं दिसतंय!"

सुनेनं काडी पुन्हा चाकाजवळ नेली. अजून एकच फेरी, मग सगळे सारखे होतील. पण हेच आपण मघापासून चार वेळा म्हणालो, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं चाक थांबवलं.

सासू उंबऱ्यात दिसताच ती उठून उभी राहिली. "सासूबाई, माझं चुकलं. पाचवा मोठा झाला. तो लपवायला मी बाकीचे घासत बसले."

सासूनं खड्यावरून अंगठा फिरवला.

"आणखी एक फेरी मारली असतीस," ती म्हणाली, "तर नावाड्याला नुसतं कोंदणच द्यावं लागलं असतं."

मग तिनं लाख तापवून खडा सोडवला आणि फिरवून पुन्हा चिकटवला. "पाचवा मोठा आहे ना? त्यालाच वरचा माथा करू. बाकीचे त्याच्याभोवती बसवू. पण नावाड्याला सांगायचं तू."

दुसऱ्या दिवशी नावाड्यानं खडा तळहातावर घेतला. "लहान झाला."

"हो. माझ्या हातून," सून म्हणाली. तिचे कान तापले होते.

त्यानं खडा उन्हात धरला. रुंद माथ्यातून जांभळा उजेड त्याच्या मनगटावर पडला. तो कितीतरी वेळ तसाच बघत राहिला.

"पोरीचं बोटही बारीकच आहे," तो म्हणाला, आणि खडा उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधून घेतला.

तात्पर्य: चूक लक्षात आली की हात तिथंच थांबवावा आणि सांगून टाकावं. चुकीनं थोडंसं जातं. ती लपवण्यात उरलेलंही झिजतं.