पिंजऱ्यातली साळुंकी

एका राज्यात दरसाल शब्दांची हजेरी होत असे. शब्द पाखरांच्या रूपाने दरबारात येत, आपले काम सांगत आणि राजा वीरकेतूला लवून उडून जात. एका साली ‘लागणे’ नावाची साळुंकी आली. दिवा लागतो, भूक लागते, झाडाला फळ लागते, दाराला कुलूप लागते... ती सांगतच राहिली. दरबाऱ्यांना जांभया आल्या.

“पुरे! एका पाखराला एकच काम,” राजा म्हणाला.

“कुठलं ठेवू, महाराज?”

राजाला तो उद्धटपणा वाटला. त्याने तिला डोंगरावरच्या कपालमणी जादूगाराच्या पिंजऱ्यात धाडले.

त्या दिवसापासून राज्यात दिवा लागेना, आंब्याला कैरी लागेना. राजवाड्यातले दिवे सांभाळणाऱ्या शेवंताची आई तापाने फणफणली होती. तिला औषध लागू पडेना, डोळ्याला डोळा लागेना. वैद्यबुवांनी मान हलवली. शेवंता डोंगराकडे निघाली. आईचे दुखणे सांगून तिने जादूगाराकडे साळुंकी मागितली.

“तीन वाटा तुडव, मग पिंजऱ्यापाशी ये,” कपालमणी म्हणाला.

पहिली वाट निखाऱ्यांची. चटका लागेना. दुसरी तापल्या वाळूची. तहान लागेना. तिसरी अणकुचीदार दगडांची. ठेच लागेना. शेवंता सावकाश चालत आली.

जादूगाराने कपाळावर हात मारला. “माझाच पिंजरा माझ्या मुळावर आला! पण ऐक पोरी, हा उघडलास तर चटके, तहान, ठेचा, सगळं एकदम तुझ्यावर येईल. त्यापेक्षा हे एक पीस घे. आईची झोप घेऊन जा.”

शेवंता त्या करड्या पिसाकडे पाहत राहिली.

“नुसत्या झोपेनं ताप उतरत नाही,” ती हळूच म्हणाली आणि तिने पिंजऱ्याची कडी धरली.

“लागेल हं,” आतून साळुंकी म्हणाली.

“लागू दे.”

कडी निघाली. तळपाय भाजले, घसा सुकला, अंगठा रक्ताळला. शेवंता तिथेच बसून रडली. मग साळुंकीला खांद्यावर घेऊन लंगडत उतरू लागली. खाली गावात एकेक दिवा लागत होता.

वेशीवर राजा उभा होता. “तुझी कामं तूच सांभाळ, बाई,” तो साळुंकीला म्हणाला. “मी मोजणार नाही.”

घरी आईने दोन वाट्या पेज संपवली होती. तिचे लक्ष शेवंताच्या पायांकडे गेले.

“लागलं का गं?”

“थोडंसं.”

आईने ते पाय मांडीवर घेतले, आणि फुंकर घालता घालता तिचा डोळा लागला.