शंखोबाचं घर कुणी नेलं?

ऐका, ऐका! समुद्रकाठी काय झालं ते ऐका. ऐकाल तर तोंडात बोट घालाल!

एक होता खेकडा. एवढुस्सा, चिंचोक्याएवढा. नाव त्याचं शंखोबा. राहायचा कुठे? रिकाम्या शंखात! शंख पाठीवर, शंखोबा आत. चालायचा तुरुतुरु तुरुतुरु.

भाऊबीजेच्या संध्याकाळी त्याला दिसला नवा शंख. वाटलं, घालून तर बघू! जुन्यातून निघाला सुळकन. नव्यात शिरला सुळकन. अरेच्चा! नव्याला तर हे एवढं भोक! "नको रे बाबा!" म्हणाला. मागे वळला, तर काय?

जुनं घर गायब!

बाप रे! शंखोबा उघडा! मऊ मऊ पोट उघडं! आणि माडावर कोण? कावळा! मान वाकडी करून बघतोय मेला.

घर नेलं कुणी? छोट्या सावीनं! सावी करत होती दिवाळीचा किल्ला. वाळूचा किल्ला, वर शंखाचा बुरूज. शंखोबा गेला तुरुतुरु.

"ताई ताई, शंख दे ना! मी उघडा! कावळा टपलाय!"

सावीनं खाली बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "आँ! शंखात राहतं का कुणी? छट्! हा माझा बुरूज. नाही देणार!"

ऐकलंत? आता काय म्हणावं हिला!

शंखोबा गेला लाटेकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"लाटे लाटे, ये ना!
सावी शंख देईना.
मी उघडा! कावळा टपलाय!"

लाट म्हणाली, "आँ! अख्खं घर गेलं? पण चांदोबा ओढेल, तर मी येईन."

चांदोबा होता आभाळात. नखाएवढी कोर, तीही ढगाआड. शंखोबानं मान वर केली.

"चांदोबा चांदोबा, ओढ ना!
लाट येईना.
सावी शंख देईना.
मी उघडा! कावळा टपलाय!"

चांदोबा म्हणाला, "आँ! अख्खं घर गेलं? पण ढग सरकेल, तर मी ओढीन. मला काही दिसतच नाही!"

"ढगा ढगा, सरक ना!
चांदोबा ओढेना.
लाट येईना.
सावी शंख देईना.
मी उघडा! कावळा टपलाय!"

ढग म्हणाला, "आँ! अख्खं घर गेलं? पण वारा ढकलेल, तर मी सरकेन."

वारा कुठे? वारा झोपला होता, वाळूतल्या झावळीत. घुर्र घुर्र! शंखोबा गेला तुरुतुरु.

"वाऱ्या वाऱ्या, ऊठ ना!
ढग सरकेना.
चांदोबा ओढेना.
लाट येईना.
सावी शंख देईना.
मी उघडा! कावळा टपलाय!"

वारा उठतोय कसला! घुर्र घुर्र!

कावळा माडावरून खाली उतरला. टुणुक टुणुक. अगदी जवळ!

शंखोबानं काय केलं? झावळीला चिमटा काढला. कच्चकन!

"आई आई गं!" वारा उठला. सूंऽऽ सूंऽऽ!

वाऱ्यानं ढकललं, ढग सरकला.
ढग सरकला, चांदोबानं ओढलं.
चांदोबानं ओढलं, लाट आली.
लाट आली आणि... धप्प!

किल्ला पडला! बुरूज निघाला गडगड गडगड.

"अय्या, माझा बुरूज!" सावी धावली मागे. शंख उचलला आणि खाली बघितलं. आता बघितलं हो!

वाळूत एक चिमुकला जीव. उघडा. थरथर कापतोय. आणि वर कावळ्याची चोच!

"अगं आई गं! हुश्! हुश्!" सावीनं कावळ्याला हाकललं. "तू... तू राहतोस यात?"

तिनं शंख खाली ठेवला. शंखोबा उलटा फिरला आणि शेपटीकडून आत. सुळकन! गेला एकदाचा घरात.

सावीचे डोळे एवढे मोठे! मग तिचा हात गेला फ्रॉकच्या खिशात. खिशात होते आणखी शंख. सगळे काढले. वाळूवर ठेवले. समोर उकिडवी बसली. बघत राहिली.

एक शंख हलला.
दुसरा हलला.
तिसऱ्याला पाय फुटले! तुरुतुरु तुरुतुरु!

"आई! आई!" सावी रडवेली झाली. "मी शंख नाही गं, घरं उचलली!"

शंखोबा आपल्या घरी, कावळा आपल्या माडावर, तुम्ही आमच्या कुशीत. आणि उद्या वाळूत शंख दिसला, तर आधी काय म्हणायचं?

टक टक! आहे का कुणी आत?