सुतळीचा डबा

फार जुनी गोष्ट. एका गावात एक सुतार होता. लाकडावर आकडे कोरावेत तर त्यानंच. त्याचा प्रत्येक आकडा नटलेला. एकाची शेपटी वेलीसारखी वळवून आत घेतलेली, आणि नवाचीही तश्शीच. ओळीनं मांडले की दहाही आकडे सख्खी भावंडं दिसायची.

गावच्या वैद्यानं त्याच्याकडून औषधांचे दहा डबे करून घेतले. वैद्यीणकाकूंना अक्षरं येत नसत, आकडे तेवढे येत. म्हणून डब्यांवर नुसते आकडे.

काकूंनी डबा हातात घेतला, उजेडात नेला, परत आणला. "सुतारदादा, हा एक का नऊ?"

"काकू, आता चष्मा लावा," सुतार हसला. "सगळा गाव वाहवा करतोय, तुम्हालाच कसं दिसत नाही?"

एक नंबरात तापाचं चूर्ण होतं, ते पोटात घ्यायचं. नऊ नंबरात होती चिघळलेल्या जखमेवर लावायची पूड, जिभेला लागली तर आग. काकूंनी नऊच्या गळ्याला सुतळी बांधून टाकली.

महिन्याभरानं सुतार डब्यांना तेलपाणी करायला आला. बघतो तर आपल्या नक्षीवर सुतळी! "शोभा घालवली सगळी," म्हणाला, आणि पटाशीनं कापून टाकली. काकू तेव्हा विहिरीवर होत्या.

चार दिवसांनी त्याच्या नातीला ताप भरला. तो धावतच वैद्याकडे गेला. वैद्य परगावी. काकू चुलीपुढं, काढा उतू जायला आलेला.

"एक नंबरचा घे," त्या आतूनच म्हणाल्या. "चिमूटभर मधातून चाटव. सुतळी नाही ना त्याला?"

"नाही, नाही!" म्हणत सुतारानं पुडी बांधली नि पळाला.

पोरीनं बोट चाटलं आणि किंचाळली. ओठ टरारून सुजले. मागोमाग काकू नातीला बघायला आल्याच होत्या. त्यांनी पुडीचा वास घेतला.

"अरे, हे नऊ! तूप आण आधी!"

तूप चोळलं, दुधाच्या चुळा भरवल्या. पोर वाचली, पण तीन दिवस तिला पाण्याचा घोट गिळवेना.

"माझे डोळे तर धड आहेत, काकू," सुतार मान खाली घालून म्हणाला. "आकडा मीच कोरला, आणि मलाच वाचता आला नाही. सुतळीही मीच कापली."

"कापलीस ती कापलीस. आता मला दिसेल असं कोर."

त्यानं दहाही डबे तासून कोरे केले. एकाची शेपटी सरळ खाली सोडली. नवाचं डोकं मोठं केलं, तोंड दुसरीकडे फिरवलं. प्रत्येक आकडा कोरला की डबा अंगणाच्या पार टोकाला ठेवायचा आणि ओट्यावर बसलेल्या काकूंना विचारायचा, हा कुठला? काकू अडखळल्या की परत रंधा.

शेवटी नवाचा डबा ठेवला. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी नुसती मान वर केली.

"नऊ," म्हणाल्या, आणि परत सुपात बघायला लागल्या.

सुतारानं खिशातून आणलेली नवी सुतळी तरीही त्या डब्याला बांधली. स्वतःच्या हातानं.

तात्पर्य काय, तर मुलांनो: आपण केलेलं दुसऱ्याला कळलं नाही, तर आधी त्याचे डोळे तपासू नयेत, आपलं काम तपासावं.