झाकणाची टोपली आणि सात घरे

ही फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती पहिल्यांदा सांगणाऱ्यांचे दात कधीच पडून गेले, आणि ऐकणाऱ्यांचेही.

एका डोंगराच्या पायथ्याशी बांबूचे बन होते आणि बनाच्या कडेला एक गाव होते. त्या गावात एक बुरडीण राहायची. टोपल्या, सुपे, दुरड्या विणण्यात तिचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते. तिची वीण इतकी घट्ट, की लोक थट्टेने म्हणत, "हिच्या टोपलीतून मुंगीलासुद्धा वाट विचारून बाहेर यावं लागतं." बुरडीण गालातल्या गालात हसे. थट्टेतली स्तुती तिला बरोबर कळायची.

घरात ती एकटीच. नवरा देवाघरी गेलेला, मूलबाळ नाही. सोबतीला एक बोका तेवढा होता. तो एका सकाळी बाहेर गेला आणि ओढ्याकाठी कुत्र्यांच्या तावडीत सापडला. बुरडिणीने त्याला आपल्या हाताने पुरले आणि या घरात पुन्हा मांजर आणायचे नाही, अशी शपथ घेतली.

पण शपथा माणसे घेतात, उंदीर घेत नाहीत. उंदरांनी नव्या टोपल्यांचे काठ कुरतडायला सुरुवात केली, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या सुइणीने मांजराचे एक पिल्लू आणून तिच्या मांडीवर ठेवले. अंग पांढरे, पाठीवर पिवळट ठिपके. बुरडिणीने तिचे नाव कवडी ठेवले. नाव ठेवले आणि तिथेच ती फसली. नाव ठेवलेला जीव कोणाला परत करता येतो?

कवडी अंगाने भरू लागली. दिवसभर दाराच्या फटीला नाक लावून बसे आणि दार जरा किलकिले झाले की बाहेर झेपावू पाही. बुरडीण पायाने दार लोटी. घरात कोंडावी, तर पोरगी कामट्या ओरबाडून वेडीपिशी होते. बाहेर सोडावी, तर ओढ्याकाठची कुत्री डोळ्यांपुढे येतात. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी तिने सुइणीला विचारले, "मावशी, हिला सोडू की नको?"

"सोडायला तर लागेलच गं," म्हातारी म्हणाली. "पण आधी सात घरं दाखव."

त्या गावची तशी रीतच होती. मांजरी आपली पिल्ले तोंडात धरून सात घरे फिरवते, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून कोणी आईवेगळे पिल्लू आणले, तर घरधनिणीने आईच्या जागी उभे राहून त्याला सात घरे दाखवायची आणि मगच दार उघडायचे. सात घरे पाहिलेले मांजर वाट चुकत नाही, असे जुनी माणसे म्हणत.

बुरडिणीचा जीव भांड्यात पडला. हातातली कामे बाजूला सारून तिने कोवळ्या बांबूच्या कामट्या काढल्या आणि एक टोपली विणायला घेतली. तशी टोपली तिने आजवर कोणासाठीच विणली नव्हती. काठाला लाल नक्षी, धरायला कडी, आत मऊ चिंधी आणि वर गच्च बसणारे झाकण. कवडीला आत बसवून, झाकण लावून ती निघाली.

ती तेलिणीकडे गेली, लोहाराकडे गेली, गुरवाच्या दारात उभी राहिली. प्रत्येक घरी एकच सांगे, "ही माझी कवडी. दिसली तर हुसकावू नका हो."

"काय वीण आहे गं तुझी!" लोहारीण म्हणाली. "पण झाकण काढ की, तोंड तर बघू दे."

"नको बाई, तुमच्या दारात कुत्रं आहे," असे म्हणत बुरडिणीने टोपली पोटाशी घट्ट धरली.

सातवे घर झाले आणि ती निश्चिंत मनाने घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला हात जोडून तिने दार उघडले. कवडी शेपटी उभारून बाहेर गेली.

दूध वाटीत तसेच राहिले, त्यावर साय धरली, तरी कवडी परतली नाही. बुरडीण गावभर हाका मारत फिरली. शेवटी ती ओढ्याकडे गेली. तिथे काहीच नव्हते. तरी ती तिथल्या दगडावर बसून रडली.

काठी टेकत सुईण आली. "सात घरं दाखवली होतीस ना?"

"दाखवली हो मावशी! एकही सोडलं नाही."

"कशातून नेलीस?"

"टोपलीतून. चांगली झाकणाची विणली होती."

म्हातारीने कपाळावर हात मारला. "अगं पोरी, मग तू मांजराला घरं कुठं दाखवलीस? तू घरांना टोपली दाखवलीस! त्या बिचारीनं सातही दारांत बघितलं काय, तर तुझी वीण."

बुरडिणीला आता उमगले. कवडीला जगातले एकच ठिकाण माहीत होते. बांबूचा वास, अंधार आणि वर झाकण. ती घाबरली, तर दुसरे कुठे जाणार? आणि सकाळी वेशीजवळ बाजारच्या व्यापाऱ्याची बैलगाडी उभी होती. तिच्याच हातच्या टोपल्यांनी भरलेली.

ती उठली ती धावतच सुटली. वेशीजवळ गाडी नव्हती, नुसत्या चाकोऱ्या उमटल्या होत्या. पदर खोचून ती त्यांच्या मागे धावली. घाटाच्या चढाला बैल मंदावले होते, तिथे तिने गाडी गाठली.

"दादा, थांबा!"

"काय हो बाई, टोपल्या परत हव्यात की काय?" व्यापाऱ्याने विचारले.

"एकच हवी. आतल्या जिवासकट."

सगळ्यात तळाच्या टोपलीत, सरकलेल्या झाकणाखाली, अंगाचे मुटकुळे करून कवडी बसली होती. एका कानातून रक्त येत होते. बुरडिणीने हाक मारली, तशी ती पुढे यायच्या ऐवजी आणखी आत सरकली. ते पाहून बुरडिणीला रडू आवरेना. ही भीती काही कुत्र्यांनी एकट्यांनी घातली नव्हती. यातली कितीतरी तिने स्वतःच्या हाताने विणली होती.

कान बरा झाल्यावर तिने पुन्हा सात घरे दाखवायला घेतली. या वेळी हातात काही नव्हते. कवडी आपल्या पायांनी पुढे आणि बुरडीण मागे. कवडी प्रत्येक कुंपण हुंगे, थांबे, मागे पळे, पुन्हा येई. एका दिवसात एक घर झाले तरी खूप. लोहाराच्या दारात कुत्रे धावून आले. बुरडिणीने पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण ती जागची हलली नाही. कवडीने पाठीची कमान केली, फिस्कारली आणि तिथल्या शेवग्यावर चढली. कुत्रे भुंकून कंटाळले आणि गेले. ती उतरली, आणि त्या दारावरून पुढे नेहमी कुंपणाच्या वरून जाऊ लागली. हे तिला कोणी शिकवले नव्हते.

सात घरे संपली. एका सकाळी बुरडिणीने दार उघडले आणि विणायला बसली. तिची बोटे कामट्यांवर होती, पण कान दाराशी होते. त्या दिवशी तिची वीण जरा सैलच पडली. दिवे लागायच्या वेळी कवडी उंबरा ओलांडून आत आली, तोंडातला उंदीर तिच्या पायाशी ठेवला आणि तिच्या मांडीवर चढून बसली.

लाल नक्षीची ती टोपली पुढे बरीच वर्षे कोपऱ्यात होती. कवडी तिच्यातच झोपायची. झाकण मात्र बुरडिणीने कवडीला गाडीतून घरी आणले त्याच दिवशी चुलीत घातले होते.

तात्पर्य: ज्याला जग दाखवायचे, त्याच्यावरचे आपल्या मायेचे झाकण आधी काढावे.