एका टाळीत किती?

एका राज्यात मोठ्या आकड्याला मुजरा करण्याची चाल होती. दरबारात कुणी दोन आकडे उच्चारले की मानकरी उठत आणि त्यांतल्या मोठ्यापुढे कमरेत वाकत. ज्याच्या पागोट्याला वेढे जास्त, तो वरच्या आसनावर बसे. ज्याच्या वरातीत माणसे जास्त, त्याला वधू मिळे. वर कसा आहे ते मागाहून कळे. राजाचे नाव सहस्रमल्ल. आधी त्याचे नाव निराळे होते, पण त्यात आकडा नव्हता.

एके दिवशी धूम्रकेश नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याच्या दोन तळहातांवर दोन बिया होत्या.

"राजा, या बीचे झाड बारा महिन्यांत साठ सोन्याची फळे देते. या दुसऱ्या बीचे झाड तीन महिन्यांत तीस देते. कोणती घेतोस?"

"साठाची," राजा म्हणाला. सारा दरबार साठापुढे वाकला.

धूम्रकेशाने मुठी मिटल्या. "ज्यांना तोलता येत नाही, त्यांच्या हाती मी पाणी ठेवणार नाही."

मग तो नदीवर गेला. त्याने नदी उचलली, घोंगडीसारखी गुंडाळली आणि काळ्या डोंगराच्या गुहेत नेऊन ठेवली. जाताना त्याने उःशाप सांगितला. "दर वर्षी शरदाच्या पहिल्या दिवशी बाराव्या वर्षातली मुले गुहेत पाठवा. मोठ्यांनी आत पाऊल टाकू नये. तीन दारांवर माझा धनेश पक्षी तीन प्रश्न विचारील. तिन्ही सुटले तर नदी तुमची. एक जरी चुकला तर मुलांचे बगळे होतील. मुले न पाठवाल, तर विहिरीही नेईन."

राजगुरू वाचस्पतींनी मुलांना तिसापर्यंतचे पाढे शिकवले, सरळ आणि उलटे. मुले पाढे म्हणत गुहेत गेली आणि बगळे होऊन बाहेर आली. दुसऱ्या वर्षी तेच झाले. तिसऱ्या वर्षीही तेच झाले. कोरड्या पात्रात बगळ्यांचे थवे उभे राहू लागले. त्यांना उडता येत होते, पण ते कुठे जात नसत. आया काठावर येऊन हाका मारीत. बगळे माना वळवीत, इतकेच.

चौथ्या वर्षी राजकन्या चित्रांगीला बारावे लागले.

त्याच वर्षी केतकी नावाची तरुणी राज्यात परत आली. लहानपणी तिला सात डोंगरांपलीकडच्या गुरुकुलात धाडले होते. घरी येताच तिने धाकट्या भावाची, मुकुंदाची, चौकशी केली. आईने नदीच्या पात्राकडे बोट दाखवले. केतकी तिकडे गेली, बगळ्यांमधून फिरली. त्यांतला कोणता आपला, हे तिला ओळखता आले नाही. तिथून ती थेट दरबारात गेली.

"महाराज, यंदाची मुले मला द्या. मी त्यांना खेळवीन."

"खेळवशील?" राजगुरू म्हणाले. "मुलांच्या मानेवर शाप आणि तू त्यांना लंगडी शिकवणार? सात डोंगर ओलांडून हेच आणलेस काय?"

"होय आचार्य. तुमचे पाढे त्यांना येतात. ते कुठे लावायचे, ते येत नाही."

राजा आसनावरून खाली उतरला. मग म्हणाला, "मुली, यांत माझी लेक आहे."

"त्यांत माझा भाऊ आहे, महाराज."

राजाने मुले दिली.

केतकीने मुलांना वाड्यामागच्या पटांगणात नेले. कुंभाराचा धनू आणि राजकन्या चित्रांगी यांना तिने पुढे बोलावले. "उड्या मारत जा. बाकीच्यांनी सावकाश, सारख्या अंतराने टाळ्या वाजवा. दमलात की थांबा."

धनूने आठ टाळ्यांत चाळीस उड्या मारल्या. चित्रांगी पाच टाळ्यांत तीस मारून थांबली.

"धनू जिंकला!" मुले ओरडली आणि चाळिसाला वाकली. धनूने छाती फुगवली. "राजकन्ये, वाक की. चाल आहे."

"मी दमले नव्हते," चित्रांगी म्हणाली. "पायात खडा गेला."

"हरलेल्याच्याच पायात खडा जातो!"

केतकीने कोळशाने जमिनीवर घरे आखली. धनूसाठी आठ, चित्रांगीसाठी पाच. "एक घर म्हणजे एक टाळी. एक चिंचोका म्हणजे एक उडी. उड्या घरांत सारख्या वाटा."

मुले गुडघ्यांवर बसली. चिंचोके घरोघर पडू लागले. धनूच्या प्रत्येक घरात पाच आले. चित्रांगीच्या प्रत्येक घरात सहा.

मुलांनी चिंचोके पुन्हा मोजले.

"बाई," धनू हळूच म्हणाला, "हिची एक टाळी माझ्या एका टाळीपेक्षा मोठी आहे."

"मग जिंकले कोण?"

धनूने नाक खाजवले. "खडा गेला म्हणे पायात."

त्या दिवसापासून मुले रोज खेळली. कधी फुटक्या मडक्यांतून पाणी नेले, कधी दोरीवर उड्या मारल्या, कधी दोन चमू करून शेंगा सोलल्या. दरवेळी कुणीतरी आकडा ओरडे, आणि बाकीचे आता वाकण्याऐवजी विचारीत, "एका टाळीत किती?" एकदा वाटताना एक चिंचोका उरला आणि घरे दोन होती. धनूने तो दगडाने फोडून अर्धा अर्धा ठेवला आणि केतकीने त्याला चिमूटभर गूळ दिला. राजगुरू सज्जातून पाहत. "ही शाळा आहे की जत्रा?" ते विचारीत. पण खाली उतरत नसत आणि आतही जात नसत.

शरद आला. मुले काळ्या डोंगराशी गेली. केतकी गुहेच्या तोंडाशी थांबली. पुढे जाण्याची तिला मुभा नव्हती.

पहिल्या दारावर धनेश पक्षी बसला होता. त्याची चोच विळ्यासारखी होती आणि आवाज दवंडीवाल्यासारखा. दाराच्या दोन अंगांना दगडी गाय आणि दगडी हत्ती होते, आणि दोघांच्या मुखांतून पाणी पडत होते.

"गाईच्या मुखातून सात पळांत पस्तीस घागरी पडतात. हत्तीच्या मुखातून नऊ पळांत छत्तीस. जी धार जोराची, तिच्यावर हात ठेवा."

मुलांनी जमिनीवर बोटांनी घरे आखली. "गाईच्या एका पळात पाच," चित्रांगी म्हणाली. "हत्तीच्या एका पळात चार," धनू म्हणाला. गाईच्या मुखावर हात ठेवताच दार उघडले.

"योगायोग," धनेश म्हणाला आणि पुढे उडाला.

दुसऱ्या दारापाशी अथांग दरी होती. काठावर दोन पंखांचे घोडे उभे होते.

"पांढरा आठ घटकांत अठ्ठेचाळीस कोस जातो. काळा सहा घटकांत बेचाळीस. दरीतला धूर वर चढतो आहे. तो फक्त वेगवान घोड्याला गाठू शकत नाही."

पांढऱ्याच्या एका घटकेला सहा कोस पडले, काळ्याच्या एकीला सात. मुले काळ्यावर चढू लागली. ती बसत गेली तशी घोड्याची पाठ लांबत गेली. धूर घोड्याच्या शेपटीपर्यंत आला आणि मागे राहिला.

तिसऱ्या दारापुढे काळोख होता. कोनाड्यात दोन दिवे जळत होते, एक चांदीचा, एक लोखंडाचा.

"दोन्हींत तेल सारखेच आहे," धनेश म्हणाला. "चांदीचा दिवा तीन प्रहरांत पंधरा पळ्या तेल पितो. लोखंडाचा चार प्रहरांत बारा पळ्या. पुढची वाट लांब आहे. वाटेत दिवा विझला तर पिसे फुटतील. एक उचला."

हा हिशेब मुलांनी घरे न आखताच केला. चांदीच्याला प्रहरामागे पाच, लोखंडाच्याला तीन.

"पाच!" मुले एका सुरात ओरडली. "पाच मोठे!" आणि सगळी चांदीच्या दिव्यापुढे वाकली. धनूचा हात दिव्यापर्यंत पोहोचला. त्याच्या मनगटावर पांढरे बारीक पीस उगवू लागले.

चित्रांगीने त्याचा हात धरला. "थांब. पाच काय?"

"पळ्या. सोड की! मोठा आकडा आहे."

"दिवा त्या पळ्या देतो की पितो?"

"पितो."

"तुझ्या घरी खादाड पाहुणा आला, तर धान्याची कणगी जास्त दिवस पुरते का?"

धनूने हात मागे घेतला. "माझा मामा आला होता," तो म्हणाला. "आठ दिवसांत कणगीचा तळ दिसला."

"मग कुणाला घ्यायचे?"

"कमी जेवणाऱ्याला," सारी मुले म्हणाली. आपण अजून वाकलेलेच आहोत, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले. ती एकेक करून सरळ झाली. धनूच्या मनगटावरचे पीस गळून पडले. चित्रांगीने लोखंडाचा दिवा उचलला.

वाट खरोखरच लांब होती. दिवा शेवटपर्यंत जळला. वाटेच्या टोकाशी गुंडाळलेली नदी होती, आणि तिच्यावर धूम्रकेश बसला होता. त्याने दिव्याकडे पाहिले, मुलांच्या ताठ पाठींकडे पाहिले. मग तो उठला आणि त्याने नदीचे टोक मुलांच्या हाती दिले. "ओढा," एवढेच तो म्हणाला, आणि धनेशाला खांद्यावर घेऊन डोंगराच्या दुसऱ्या बाजूने निघून गेला.

मुलांनी नदी ओढली. ती उलगडत गुहेबाहेर आली आणि आपल्या जुन्या पात्रात पसरली. पाणी बगळ्यांच्या पायांना लागले तशी पिसे वाहून गेली आणि गुडघाभर पाण्यात मुले उभी राहिली. काठावर एकच आरडाओरडा झाला. एका मानकऱ्याने मोजून सांगितले, "महाराज, या काठाला चाळीस मुले, त्या काठाला पंचावन्न!" आणि सवयीने तो त्या काठाकडे वाकू लागला.

"सरळ उभा राहा," राजा म्हणाला. "मुले ओली आहेत. पंचे आण."

त्या दिवसानंतर त्या राज्यात आकड्यापुढे कुणी वाकले नाही.

केतकी पाण्यात उतरली. एका मुलाचा सदरा त्याला वर्षभराने आखूड झाला होता. बाह्या कोपरांपाशी आल्या होत्या. तो तिच्याकडे बघत राहिला.

"ताई," मुकुंद म्हणाला, "तू केव्हा आलीस?"

तिने आधी त्याचे डोके पुसले, मग सांगितले.

नदी आपल्या पात्राला लागली, मुले आपापल्या घराला लागली, आणि ही कथा इथे काठाला लागली.