वाकडा पळसदेठ

कृतयुग सरत आले होते, तरी ऋषींच्या वाणीला अजून धार होती आणि ओंजळीत पाणी घेऊन उच्चारलेला शाप खरा होत असे, त्या काळातली ही कथा. विंध्याच्या दक्षिणेस शीतोदा नावाची श्यामवर्णा नदी वाहत होती. तिच्या तीरावर सामगायनाने निनादणारा, होमधूमाने सुगंधित झालेला एक आश्रम होता. तिथे दार्भायण मुनी आपली पत्नी सुयमा हिच्यासह राहत. त्यांना अपत्य नव्हते.

नदीच्या पाण्याखाली बसून मंत्रजप करता करता देहाचा पूर्ण विसर पाडून घ्यायचा, ही दार्भायणांची साधना. तिचा त्यांना गर्वही होता. देह म्हणजे काठावर काढून ठेवलेले वल्कल, असे ते येताजाता शिष्यांना ऐकवीत. एके दिवशी माध्यान्ही ते असेच पाण्याखाली समाधिस्थ असताना वरच्या अरण्यातून लोंढा आला आणि त्यांचा देह वाहून गेला. दार्भायण मात्र नित्याप्रमाणे काठावर चढून आश्रमाकडे चालू लागले. देह सोडण्याचा सराव इतका दांडगा, की तो सुटल्याचे या महाज्ञान्याला कळलेच नाही!

आश्रमात कोणी उठून उभे राहिले नाही. भूक लागेना, तेव्हा मुनींना वाटले की तप फळाला आले. सावली पडेना, तेव्हा ती नवी सिद्धी ठरली. विद्वानाला कारणांचा काय तोटा? सुयमा रोज माध्यान्ही त्यांचे दर्भासन मांडी आणि त्यापुढे गप्प बसून राही. ते आसनावर बसत, पण दर्भाची एक काडीही लवत नसे. ते बोलू लागले, की भर उन्हात तिच्या अंगावर शहारा येई आणि ती पदर ओढून घेई. वारा नसताना अग्नीच्या ज्वाळा त्या आसनापासून दूर झुकत. वासरे दूध पिईनाशी झाली, हरणे वन सोडून गेली. पुढे ऋषीही एकेक पर्णकुटी रिकामी करून निघाले.

बारा वर्षे अशी गेली. मग आश्रमाचे वृद्ध कुलपती वैरूप यांनी सुयमेला समजावले, की ज्याचा देह सापडत नाही, त्याचा तीनशे साठ पळसदेठांचा देह रचून दहन करावे असे शास्त्र आहे. आजवर तिने ते ऐकून घेतले नव्हते. देह पाहिला नाही तोवर आशा सोडायची कशी? पण आता आश्रमच ओस पडत होता. तिने होकार दिला.

त्या दिवशी दार्भायण नदीवरून परतले तो त्यांच्या आसनावर दुसरेच कोणी निजलेले. नारळाचे मस्तक, देठांचे हातपाय, आणि सुयमा त्याला त्यांच्याच नावाने हाक मारीत होती. मुनी संतापले. बारा वर्षे जी आपल्याशी शब्द बोलली नाही, ती काटक्यांशी बोलते? आश्रमासकट सर्वांना भस्म करण्याचा निश्चय करून ते शापोदकासाठी नदीकडे धावले.

त्यांनी ओंजळ बुडवून वर काढली. ती कोरडी होती. पुन्हा बुडवली. तिसऱ्यांदाही तळहातावर एक थेंब राहिला नाही. मुनींना आयुष्यात प्रथमच भीती वाटली, आणि त्यांची पावले आपोआप सुयमेकडे वळली.

वैरूप तिला सांगत होते, "वत्से, डाव्या पायाचे देठ वाकडे लागले आहेत. सरळ कर."

"ते तसेच राहू द्यावेत," सुयमा म्हणाली. "त्यांचा पाय असाच होता. लहानपणी झाडावरून पडले होते. लोकांसमोर ते सरळ चालायचा प्रयत्न करीत आणि सायंकाळी मी तो पाय तेलाने चोळून देई."

दार्भायण जागीच थबकले. तो पाय त्यांना आठवला. ती कळ आठवली, ते तेल, तो हात आठवला. बारा वर्षांत पाय एकदाही दुखला नव्हता. त्यांनी मागे वळून पाहिले. ओल्या वाळूत त्यांचे एकही पाऊल उमटलेले नव्हते.

"मी मेलो आहे," ते म्हणाले. ते कोणालाही ऐकू गेले नाही. मग ते त्या पळसदेहाशेजारी बसले आणि हळूच त्यात आडवे झाले. डावा पाय नेमका बसला. सुयमेने पाहिले, की देठांची छाती एकदा वर आली आणि खाली गेली. तिने अग्नी दिला, आणि ज्वाळा पहिल्यांदाच त्या आसनाकडे झुकल्या.

दहनानंतर तिने अंगठा आणि तर्जनी यांमधून पितरांना देतात तसे पाणी सोडले. दक्षिणेला, पितरांच्या दिशेला उभ्या असलेल्या दार्भायणांची ओंजळ भरली. ते घटाघटा प्याले आणि रडले. समोर पितरांचा अधिपती अर्यमा उभा होता.

"दार्भायणा, आमच्या पंक्तीत तुझे पान बारा वर्षांपूर्वीच मांडले आहे," अर्यमा म्हणाला. "येण्यापूर्वी एक वर माग."

"देवा, मी देह विसरायला शिकलो, आणि माझा देह लक्षात ठेवला तो तिने," मुनी म्हणाले. "माझ्यासारखे जे भटकत असतील, त्यांना स्वतःची खूण पटावी."

"तथास्तु," अर्यमा म्हणाला.

तेव्हापासून शीतोदेच्या तीरावर पळसदेह रचताना घरच्यांना आधी विचारतात, की गेलेल्याच्या अंगी काय उणे होते. कोणी वाकडे बोट सांगते, कोणी पडका खांदा. तेवढा एक देठ तसाच ठेवतात, आणि तो लावताना सगळे थोडे मागे सरकतात, येणाऱ्याला वाट हवी म्हणून.